शेजाऱ्याची जागा

आमच्या आतोबांनी उभ्या आयुष्यात एका भाषेत सुरू केलेलं वाक्य त्याच भाषेत संपवलं असेल तर ते एकच, लग्नातलं 'शुभमंगल सावधान', आणि तेसुद्धा भटजींनी म्हटलं म्हणून. एरवी त्यांचं वाक्य मराठीत उगम पावायचं, मध्येच दख्खनीत वळायचं आणि तेलुगूत जाऊन मिळायचं. "अरे, तो भाजीवाला कायकू बोंबलतोय, चूडु रा जरा," असं ते अगदी सहज म्हणायचे आणि आम्हीही तितक्याच सहज खिडकीतून बघायचो. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पुण्या-मुंबईकडे ह्या नात्याला काय म्हणायचं ते म्हणोत, आमच्याकडे आतोबा. मोठ्या शहाण्या माणसांनी नकाशावर रेघा ओढून आमचं हैदराबाद राज्य भाषेभाषेनं वाटून दिलं, तेव्हा ह्या माणसाला नेमकं कुठल्या तुकड्यात टाकायचं हा प्रश्न कुणालाच पडला नाही. पडायला हवा होता, असं मला अजून वाटतं, आणि अजून माझं डोकं तापतं.

मूळचे ते परभणीकडचे. घरची काळी जमीन, थोरल्या भावांनी औत धरलं आणि ह्या धाकट्याला 'साहेब होऊन ये' म्हणून हैदराबादला धाडलं. ते उर्दूतून शिकले, जंगल खात्यात कारकून झाले, गौलीगुड्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, माझ्या आत्याशी लग्न केलं, इथवर सगळं ठीक. पण कचेरी सुटली की ह्या गृहस्थाचं दुसरंच काहीतरी सुरू व्हायचं. गणपतीचे मेळे, साहेबांचे निरोपसमारंभ, लग्नाचे मांडव, नाटकाचं मध्यंतर, जिथे म्हणून चार माणसं बसलेली दिसतील तिथे हे उभे राहून नकला करणार आणि स्वतः रचलेली गाणी म्हणणार. गाणी तरी कसली? तर शहराची. नळाचं गाणं, सायकलरिक्षाचं गाणं, डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर डुलक्या घेत आपला स्टॉप चुकवणाऱ्या वकिलाचं गाणं, इराण्याच्या हॉटेलात एका चहावर सबंध दुपार काढणाऱ्या दोस्तांचं गाणं. एकदा कुणीतरी म्हणालं, आतोबा, एखादं प्रेमगीत होऊन जाऊ द्या. त्यांनी रचलंही. त्यात नायक नायिकेला भेटायला निघतो, मुसी नदीच्या पुलावर म्हशींच्या कळपात अडकतो, आणि गाणं संपेपर्यंत तिथेच अडकलेला राहतो. नायिकेचं नावसुद्धा गाण्यात आलं नाही, ह्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

वर काळी शेरवानी, खाली काचा मारलेलं धोतर, डोक्यावर लाल रुमी टोपी आणि टोपीखाली ठसठशीत गंध, असा त्यांचा उभं राहायचा वेश. नुसते येऊन उभे राहिले तरी मागच्या बाकांवर खसखस पिकायची. पण हा माणूस घरी कसा आहे हे कुणी पाहिलं असतं तर, देवाशप्पथ, त्याला रडूच आलं असतं. इतका निराश माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांचा आवडता शब्द 'खतम'. दूध उतू गेलं, खतम. रिक्षाची चेन पडली, खतम. त्यांचा मुलगा माधव परीक्षेत पहिल्या वर्गात आला तेव्हा आत्या पेढे वाटत होती आणि हे कोपऱ्यात डोक्याला हात लावून बसले होते. "खतम! आता ह्याला नोकरी लागणार. नोकरी लागली की बदली होणार. गेला पोरगा!" आत्या म्हणाली, "अवो, नापास झाला असता तर काय केलं असतं?" तर म्हणाले, "तेव्हाबी खतमच. पर घरात तरी ऱ्हायला असता."

खेळाच्या दिवशी तर बघायलाच नको. हॉलच्या मागच्या खोलीत शेरवानीची बटणं लावता लावता ते माझ्या वडिलांच्या हातात घराची किल्ली द्यायचे. "आज कुणी हसणार नाही, दादासाहेब. लोकांनी धरून हाणलं तर ही तुमच्या बहिणीच्या हातात द्या." वडील मुकाट्यानं किल्ली खिशात टाकायचे, पुढच्या रांगेत येऊन बसायचे, आणि खेळ संपल्यावर हसून हसून दुखणारी बरगडी धरत ती परत नेऊन द्यायचे. दर खेपेला हेच. किल्ली परत घेताना आतोबा म्हणायचे, "आजचं निभावलं. पुढच्या वेळेला मात्र नक्की खतम."

गाणं रचायची त्यांची रीतही जगावेगळी. कागद नाही, पेन्सिल नाही. ते बेगम बाजारात जाऊन बसायचे. हळदीच्या नाहीतर मिरच्यांच्या दुकानात एखाद्या पोत्यावर टेकायचं, नवी ओळ गुणगुणायची आणि कोण मान वर करून बघतं ते न्याहाळत राहायचं. दुकानदार मारवाडी, हमाल तेलुगू, गिऱ्हाईक कुणीही. ओळ ऐकून एकानं दुसऱ्याला 'काय म्हणतोय हा' असं विचारलं की ओळ पास. कुणी विचारलंच नाही तर ओळ तिथेच पोत्याखाली टाकून घरी. एका संक्रांतीला आत्यानं त्यांना गूळ आणायला पाठवलं. तीळ भाजून, कुटून झाले, शेजारणी हळदीकुंकवाला येऊन बसल्या, तरी ह्यांचा पत्ता नाही. दिवेलागणीला आले ते मोकळ्या हातानं, पण चेहऱ्यावर चक्क हसू. "गूळ कुठाय?" आत्यानं विचारलं. "गूळ ऱ्हायला. पण तराजूचं गाणं झालं." "मग काय आता बायांच्या हातावर गाणं ठेवू का?" आत्या कडाडली. तर ह्यांनी बायांसमोर उभं राहून तराजूचं गाणं म्हणून दाखवलं, आणि बाया बिनतिळगुळाच्या पदराला डोळे पुसत घरी गेल्या. आत्या त्या रात्री जेवली नाही ते वेगळं.

आता खाजामियाँ. आतोबांच्याच कचेरीत ते चपराशी होते आणि खेळात ढोलकीवर. दाढी मेंदीनं रंगवलेली, पाठ ताठ, आणि चेहरा असा की नुकतीच कुणाची तरी माती देऊन आलेत. खेळाचा एक नियम होता, सगळं जग हसलं तरी खाजामियाँ हसणार नाहीत. लोक आतोबांना बघून हसायचे आणि खाजामियाँचा चेहरा बघून आणखी हसायचे. आम्ही पोरं त्यांना खुदकन तरी हसवायला बघायचो, वेडंवाकडं तोंड करायचो, काही उपयोग नाही. "मैं हँस्या तो ठेका गया," ते म्हणायचे, "होर ठेका गया तो तुमारे फुफा गए." आतोबांना ते आमचे फुफाच म्हणायचे.

आणि हा ठेका म्हणजे काय चीज होती ते सांगितल्याशिवाय आतोबांबद्दल काहीच सांगितल्यासारखं होणार नाही. सुरुवातीच्या काळात आतोबा गाणं सरळ म्हणून टाकायचे. पहिली ओळ मराठी, ती मराठी लोकांना कळायची. दुसरी दख्खनी, तिसरी तेलुगू. पण हॉलमध्ये सगळे मिसळून बसलेले. मराठी ओळीला मराठी माणूस हसला की शेजारचा तेलुगू माणूस त्याला कोपरानं ढोसून विचारायचा, काय झालं? तो सांगेपर्यंत आतोबा पुढे गेलेले असायचे, आणि पुढची ओळ दोघांचीही हुकायची. आतोबा चिडायचे. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की ऐकून येणाऱ्या हसण्यापेक्षा शेजाऱ्यानं सांगितल्यावर येणारं हसू मोठं असतं, कारण त्यात सांगणाराही पुन्हा हसतो. तेव्हापासून प्रत्येक ओळीनंतर ते थांबायला लागले. हात मागे बांधून छताकडे बघत उभे राहायचे, आणि खाजामियाँ एक हलकासा, नुसता चालता ठेका धरायचे. तेवढ्यात सगळ्या हॉलमध्ये कुजबूज, माना वळताहेत, कोपरं ढोसताहेत, "काय म्हणाले?", "क्या बोले?", "एमन्नाडु?" आणि मग ह्या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून हसण्याच्या लाटा. लाट ओसरली की पुढची ओळ. ह्या थांबण्याला आतोबांनी नाव ठेवलं होतं, शेजाऱ्याची जागा.

त्यांचं नळाचं गाणं तर शहरभर झालं होतं.

नळाला आलं पाणी गं बाई, नळाला आलं पाणी,
घडा लेके दौड़ी बेगम, पिच्छे नौकरानी,
तोटी फिरवुन बघते तर, नीळ्ळु लेवु, नीळ्ळु लेवु!

म्हणजे पाणी नाही, पाणी नाही. आता ह्यात हसण्यासारखं काय आहे असं तुम्ही विचाराल, आणि कागदावर नाहीच. पण माझी आई आणि आमच्या शेजारच्या नरसम्मा ह्यांचं त्या वर्षी नळावरूनच भांडण झालं होतं. तोंड बघणं बंद. मेळ्याला दोघी आल्या आणि गर्दीत नेमक्या शेजारीशेजारी बसल्या, पदर सावरून, एकमेकींकडे अर्धी पाठ करून. पहिल्या ओळीला आईला हसू फुटलं. नरसम्मा समोर बघत गप्प, पण न कळल्याचा ताप चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. खाजामियाँचा ठेका चाललाय, चाललाय. शेवटी आईला राहवेना. तिनं नरसम्मांच्या दंडाला हात लावला आणि सांगितलं. नरसम्मा तोंडावर पदर घेऊन हसल्या. तिसऱ्या ओळीला पाळी उलटली, आईला 'लेवु' कळायचं तरी तिनं मुद्दाम विचारलं, "काय म्हणाले हो?" आणि नरसम्मांनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दोघींच्या घागरी एका रांगेत लागल्या. आतोबांना ही हकीगत सांगितली तर म्हणाले, "खतम! भांडण मिटलं? आता नळाच्या गाण्याचं दुसरं कडवं कशावर रचू?"

आणि मग छप्पन साल आलं. आमच्या राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे मुंबई राज्याला, कानडी म्हैसूरला, तेलुगू आंध्राला. कागदावर फारच सोपं दिसलं असणार ते. पण कचेऱ्यांमधली माणसं? ती वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसून एकमेकांच्या डब्यातलं खात आलेली. त्यांचीही वाटणी झाली. कुणाला औरंगाबाद, कुणाला गुलबर्गा, कुणाला मुंबई. काचीगुडा स्टेशनवर रोज कुणाचे ना कुणाचे वळकट्या-ट्रंका बांधलेले संसार बसलेले दिसायचे. आणि ह्या प्रत्येकाला पोचवायला आमचे नुकतेच निवृत्त झालेले आतोबा हजर. निरोपाचं गाणं घेऊन!

चालले हो चालले, हेडक्लार्क चालले,
कुर्सी गई बंबई, मेज इदरीच डाले,
फायल एक्कड, फायल एक्कड, एवरिकि तेलुसु?

फाइल कुठे, कुणाला ठाऊक! ह्यावर फलाटावरची रडणारी माणसं रडता रडता हसायची. आतोबा प्रत्येकासाठी नवं कडवं रचायचे, खाजामियाँ ट्रंकेवर ठेका धरायचे, शेजाऱ्याच्या जागेत कानडी माणूस मराठी माणसाला सांगायचा, आणि गाडी सुटायची. मला तेव्हाही कळत होतं, की हा माणूस आपल्या हातानं आपले श्रोते गाडीत बसवून देतोय. त्याला कळत नसेल का? एकदा परतताना टांग्यात म्हणाले, "आज दुसरी रांग गेली रे."

जी राहिली ती माणसं तरी एकत्र राहावीत की नाही! पण वारंच तसं होतं. मराठी लोकांनी आपलं मंडळ काढलं, तेलुगू लोकांनी आपली सभा काढली, प्रत्येकाचा गणपती वेगळा, हॉल वेगळा. नरसम्मा अजून आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होत्या, पण आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाचं बोलावणं त्यांच्या दारात जात नव्हतं. कशाला, 'आपल्या लोकांचं' आहे ना! आपले लोक! हे शब्द ऐकले की आतोबा कानावर हात ठेवायचे.

आणि अखेर बदलीच्या यादीत माधवचंही नाव लागलं. औरंगाबाद. बायको दोन जिवांची, घर सरकारी, मोठं. "बाबा, आता तुम्ही आणि आई चला. तिथं सगळी आपलीच माणसं आहेत," तो म्हणाला. आत्याचा जीव नातवंडात. तिनं भांडी बांधायला काढलीसुद्धा. आतोबा मात्र दाराशी बसून राहिले. आत्यानं पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज न चढवता विचारलं, "इथं काय करायलेत तुम्ही आता? कुणासाठी ऱ्हायचं?" मग त्यांनी अट घातली. औरंगाबादेत एक खेळ लावायचा. लोक हसले तर सामान हलवायचं, नाही हसले तर ते गौलीगुडा सोडणार नाहीत, आत्यानं खुशाल जावं. एका खेळावर ह्या माणसानं उरलेला संसार लावला, आणि आत्यानं त्याला कबूलही केलं, कारण आजवर लोक हसले नाहीत असं एकदाही झालं नव्हतं.

कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी बरोबर गेलो. खाजामियाँना रजा मिळाली नाही. माधवनं तिथला एक तबलजी ठरवला आणि आतोबांच्या मागे लागून तेलुगू ओळी काढायला लावल्या, तिथं कोणाला कळणार म्हणून. 'नीळ्ळु लेवु'च्या जागी 'पाणी नाही' बसवलं. हॉल चांगला भरला होता. किल्ली घ्यायला माझे वडील नव्हते म्हणून आतोबांनी ती माझ्या हातात दिली. पहिली ओळ झाली. लोक हसले, खरंच हसले, थोडंसं, नीटनेटकं. आतोबा हात मागे बांधून छताकडे बघत थांबले. तबलजीला काय करावं ते कळेना, त्यानं एक तिहाई घेऊन तबला थांबवला. हॉल शांत. कुणी कुणाकडे वळलं नाही. कशाला वळतील? सगळ्यांना कळलं होतं की! आतोबा उभेच. मला वाटलं, आता पुढची ओळ घेतील, घेतील. तेवढ्यात मागून एक भला माणूस काकुळतीनं ओरडला, "आठवा, आठवा!" आणि त्यांना धीर यावा म्हणून टाळ्या वाजवायला लागला. त्याचं बघून सगळ्यांनीच वाजवल्या. त्या दयेच्या टाळ्यांत आमचे आतोबा टोपी हातात घेऊन आत आले.

परतीच्या गाडीत मी त्यांची समजूत घालत होतो, तबलजी नवा होता, जागा नवी होती. ते म्हणाले, "लोक चांगले आहेत रे. पर तिथं सगळ्यांना सगळंच समजतं. कुणी कुणाकडं बघतच नाही." आत्या ठरल्याप्रमाणे माधवकडे गेली. बाळंतपण उरकून येते म्हणाली, आणि मग बाळाचं जावळ, मग दात, मग पावलं. ती वाईट नव्हती हो. तिनं खूप पत्रं धाडली. आतोबा गौलीगुड्यातल्या दोन खोल्यांत एकटे, स्टोव्हवर भात शिजवून खायचे, आणि वाट बघायचे, आपलं शहर अजून शाबूत आहे हे एकदा तरी सिद्ध व्हायची.

ती संधी आमच्या मंडळानं दिली. गणपतीत आतोबांचा खेळ ठेवला. चिटणीस स्वतः सांगायला आले, "फक्त एक करा, कार्यक्रम मराठीतच ठेवा." आतोबा म्हणाले, "हौ." आणि उभे राहिल्यावर नळाचं गाणं जसंच्या तसं म्हटलं, तिन्ही भाषांत. हैदराबादेत वाढलेल्या कुणाला त्यातलं काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि जे होते ते आपापल्या घरची माणसं घेऊन बसलेले. पहिली ओळ. थांबले. खाजामियाँचा ठेका सुरू झाला. माझ्या शेजारी आई होती. मी पाहिलं, सवयीनं तिची मान उजवीकडे वळली, नरसम्मा जिथे बसायच्या तिकडे. त्या खुर्चीवर तिचीच पिशवी ठेवलेली होती. आई तशीच थोडा वेळ त्या पिशवीकडे बघत राहिली.

तिसरी ओळ झाली. 'नीळ्ळु लेवु'. पुन्हा जागा आली. कुणीतरी जांभई दिली. ठेका चाललाय, चाललाय, आणि आतोबा, ज्यांनी आजवर त्या जागेत छतावरून नजर काढली नव्हती, ते हळूच वळले आणि खाजामियाँच्या शेजारी जाऊन उकिडवे बसले. आणि शेजाऱ्याला सांगावं तसं, हलक्या आवाजात सांगायला लागले, "खाजा, पानी नईं है बोलती बाई. नल है, घडा है, बेगम है, नौकरानी है. पानीच नईं." हे गाणं ज्यांनी शेकडो वेळा वाजवलं होतं ते खाजामियाँ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग ते हसले. पहिल्यांदा. आधी दाढीतल्या दाढीत, मग खांदे हलवत, मग मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ढोलकीवरचा हात थांबला. ठेका गेला. लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आत गेल्यावर वडिलांनी किल्ली पुढे केली. मी वाट बघत होतो, आता ते 'खतम' म्हणतील. त्यांनी किल्ली घेतली, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "घरमालकाला द्यायला लागेल."

त्याच पंधरवड्यात आम्ही त्यांना औरंगाबादच्या गाडीसाठी काचीगुड्याला पोचवलं. एक ट्रंक, एक वळकटी. शेरवानी त्यांनी खाजामियाँना देऊन टाकली होती. फलाटावर आई, वडील, मी, आणि ढोलकी न घेता आलेले खाजामियाँ. आतोबा खिडकीशी बसले. आम्ही सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होतो, साऱ्या शहराला निरोपाची गाणी देणारा हा माणूस स्वतःसाठी काय म्हणतो. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. ओळ नव्हतीच. खाजामियाँना ते समजलं असावं. त्यांनी खिडकीच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला, तोच, हलका, चालता, शेजाऱ्याच्या जागेचा. ओळीशिवायच.

आमच्या शेजारी कुठल्याशा खेड्यातली एक तेलुगू बाई टोपली घेऊन उभी होती. आईला डोळ्याला पदर लावलेला बघून तिनं मला हळूच विचारलं, "एमैंदि, बाबू?" काय झालं? मी सांगायला गेलो, आणि एवढंच तोंडातून आलं, "मा आतोबा. पोतुन्नारु." आमचे आतोबा, चाललेत. ती चुकचुकली. तिच्या पलीकडे बोचक्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या मियाँनी मान वर केली, "क्या हुआ, अम्मा?" आणि ती बाई त्यांच्याकडे वळली आणि तिच्या मोडक्यातोडक्या दख्खनीत सांगू लागली, "उनके फुफा जारे कते." मियाँनी खिडकीकडे बघून कपाळाला हात लावून सलाम केला.

गाडी हलली. खाजामियाँ ठेका धरून दोन पावलं गाडीबरोबर चालले. आतोबा आमच्याकडे बघतच नव्हते. ते त्या बाईकडे आणि त्या म्हाताऱ्याकडे, जे अजून एकमेकांशी बोलत होते, त्यांच्याकडे बघत होते, दिसेनासे होईपर्यंत.